रिकामी जागा आणि चौथे पद

‘गाय : वासरू :: म्हैस : ?’ अशा तऱ्हेचा प्रश्न ज्याच्या दृष्टीस पडला नाही असा विद्यार्थी आज महाराष्ट्रात विरळाच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत या प्रकारास ‘समसंबंध’ असे भारदस्त नाव आहे. पहिल्या पदाचे दुसऱ्या पदाशी जे नाते, तेच तिसऱ्याचे चौथ्याशी. तीन पदे दिलेली असतात, चौथे शोधावयाचे असते. खाली चार पर्याय छापलेले असतात व त्यांपैकी एकाच्या वर्तुळात शाई भरावयाची असते. प्रश्न पंचाहत्तर आणि वेळ नव्वद मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्यास सव्वा मिनिटही येत नाही. मग पालक मार्गदर्शक पुस्तके आणतात, शिकवणी लावतात, आणि मूल रोज संध्याकाळी पन्नास रिकाम्या जागा भरून वहीच्या शेवटी दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. जुळले तर बरोबर, न जुळले तर चूक. का जुळले व का जुळले नाही, हा विचार करावयास वेळ कोणास आहे?

आमचे म्हणणे असे की, इतका सुंदर खेळ आपण इतक्या रुक्ष रीतीने मुलांच्या हाती देऊ नये. परीक्षा असावी, तिला आमचा विरोध नाही. गरिबाच्या हुशार मुलास तिच्यामुळे चार पैशांची मदत व पुष्कळ उमेद मिळते, हे आम्ही जाणतो. परंतु समसंबंध हा मुळात परीक्षेचा प्रकारच नव्हे. तो आपल्या बोलण्याचा, किंबहुना विचार करण्याचा, फार जुना प्रकार आहे. परीक्षेने तो अलीकडे उसना घेतला आहे एवढेच.

आपल्या म्हणीच पाहा ना. “आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?” असे आजी म्हणते, तेव्हा घरात आडही नसतो आणि पोहराही नसतो. तिने दोन पदे उच्चारलेली असतात. उरलेली दोन ऐकणाऱ्याने समोरच्या प्रसंगातून शोधून भरावयाची असतात. मास्तरांनीच धडा वाचला नसेल तर वर्गाने काय शिकावे, हा अर्थ आजीने सांगितला नाही, तो आपण भरला. म्हण म्हणजे दोन जागा रिकाम्या ठेवलेला समसंबंधच होय, आणि ती निरक्षर माणसासही बरोबर भरता येते. आपल्या जळगाव जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. तथापि मनाची ओढ समजावून सांगताना त्यांना उभ्या पिकात पुनःपुन्हा शिरणारे गुरू आठवले. गुराचे पिकाशी जे नाते ते मनाचे कशाशी, ही जागा त्यांनी वाचकासाठी मोकळी सोडली, आणि ज्याने त्याने ती आपापल्या अनुभवाने भरली.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या केशिराजांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत एकत्र केले. त्या ‘दृष्टांतपाठा’त आधी सूत्र येते, मग दृष्टांत येतो, आणि त्यानंतर दृष्टांतातील कोणती वस्तू सिद्धांतातील कोणत्या वस्तूच्या ठिकाणी आहे हे उलगडून दाखविणारे ‘दार्ष्टांतिक’ येते. हे तिसरे अंग आम्हांस फार मोलाचे वाटते. नुसती उपमा देऊन तो ग्रंथ थांबत नाही. नाते कोणते हे तो मुखाने वदवितो. आजच्या चाचणीत नेमके हेच अंग गळाले आहे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात याच अमळनेरात प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे येथील मुलांस सांगावयास नको. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातील एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. स्नान झाल्यावर ओल्या पायांस माती लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला आई सांगते की, जसे पायांस जपतोस तसेच मनासही जप. तीन पदे मुलाच्या पायाखालचीच होती. चौथे आईने पुढे केले. त्या माउलीने पर्याय दिले नव्हते, आणि ते उत्तर श्यामला जन्मभर पुरले.

आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. अमळनेरास लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. संत सखाराम महाराजांची समाधी बोरी नदीच्या पात्रात आहे, वैशाखात तेथे यात्रा भरते, आणि ज्याने चंद्रभागेचे वाळवंट पाहिले आहे त्यास बोरीच्या वाळवंटात त्याची आठवण होते. पंढरपूर : चंद्रभागा :: अमळनेर : बोरी. ‘प्रति’ या दोन अक्षरांत हे सारे प्रमाण सामावले आहे. यातूनच भूगोलाचा एक लहानसा खेळ निघतो. अमळनेर : बोरी :: धुळे : ? पाचवीतले मूलही पांझरा म्हणेल. आता मधली दोन पदे अदलाबदल करून पाहा: अमळनेर : धुळे :: बोरी : पांझरा. दोन गावे, दोन नद्या, नाते टिकते. दोन्ही नद्या अखेर तापीस मिळतात, हे लक्षात येऊन एखादी मुलगी विचारील की, मग तापी : समुद्र हे प्रमाण बोरी : तापी या प्रमाणाशी जुळेल काय? जुळेल, आणि जुळणारही नाही. नदी नदीस मिळणे व नदी समुद्रास मिळणे यांत काय साम्य व काय भेद, यावर पंधरा मिनिटे वर्गात खुशाल वाद चालू द्यावा. भूगोलाचा तास त्याने वाया जात नाही.

शास्त्रकारांनीही या खेळाचा विचार फार खोलवर केला आहे. व्याकरणाच्या तासाला आपण उपमेची चार अंगे शिकतो: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. यांतील एखादे अंग गाळले की ती लुप्तोपमा. म्हणजे रिकामी जागा ठेवणे हा काव्यशास्त्रात दोष नव्हे, तो एक अलंकार आहे! नैयायिकांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. प्रत्यक्ष, अनुमान व शब्द यांच्या जोडीस त्यांनी ‘उपमान’ हे ज्ञानाचे चौथे साधन मानले. त्यांचे उदाहरण असे: नगरातल्या माणसाने गवय नावाचा प्राणी कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्यास सांगतो की, गवय गायीसारखा असतो. पुढे रानात गेल्यावर गायीसारखे एक जनावर त्यास दिसते व तो जाणतो की, ‘गवय’ म्हणतात तो हाच. हे वेगळे साधन मानावे की अनुमानातच त्याचा समावेश करावा, यावर आपल्या पंडितांत शतकानुशतके वाद झाला; वैशेषिकांनी व बौद्धांनी ते निराळे मानले नाही. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. ज्या गावात अशा प्रश्नांच्या अभ्यासासाठी एक मंदिर उभे राहिले, त्या गावच्या मुलांनी समसंबंधाकडे केवळ दोन गुणांचा प्रश्न म्हणून पाहावे, ही गोष्ट आमच्या मनास रुचत नाही.

गणितातही हाच खेळ आहे, आणि तोही आपल्या खानदेशाशी जोडलेला आहे. केळीच्या तीन फण्यांत बेचाळीस केळी, तर पाच फण्यांत किती? सत्तर. यास त्रैराशिक म्हणतात. जुन्या गणितात पहिल्या राशीस प्रमाण, दुसरीस फल व तिसरीस इच्छा अशी नावे होती, चौथी काढावयाची. इच्छेचे फळ शोधावयाचे, किती गोड कल्पना आहे! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त या रीतीस फार मोठा मान आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी एक मठ स्थापिला होता, असे सांगणारा इ.स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावाजवळ पाटणे येथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. ज्यांनी पाटणादेवीची सहल केली असेल त्यांनी पुढच्या खेपेस त्या लेखाची चौकशी जरूर करावी. सहलीत नुसतेच डबे उघडू नयेत.

आता येथे थांबून एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे, कारण आमच्या म्हणण्याचे मर्म त्यातच आहे. त्रैराशिकात चौथे पद एकच असते. सत्तर म्हणजे सत्तर. एकोणसत्तर चूक, एकाहत्तर चूक. शब्दांचे तसे नाही. शब्दांच्या प्रमाणात नाते आधी शोधावे लागते, आणि तीच तीन पदे घेऊन दोन माणसे दोन निराळी नाती प्रामाणिकपणे पाहू शकतात. शब्दांस आकड्यांप्रमाणे वागविले की मुलांवर अन्याय होतो.

आरंभीचाच प्रश्न घ्या. गाय : वासरू :: म्हैस : ? हा प्रश्न वर्गात फळ्यावर पर्याय न देता लिहावा आणि मौज पाहावी. गावातली मुले पुस्तकातले उत्तर देतात, ‘रेडकू’. खेड्यावरून येणारा एखादा मुलगा म्हणतो, ‘पारडू’. कोणी मुलगी म्हणते, ‘वगार’, आणि विचारले असता स्पष्ट सांगते की, आमच्या म्हशीला मादी झाली आहे, तिला आम्ही वगारच म्हणतो. तिघांचीही उत्तरे बरोबर आहेत. तिसरे तर सर्वांत नेमके आहे. पण छापील पर्यायांत रेडकू, शिंगरू, करडू, कोकरू एवढेच शब्द असले तर पारडू म्हणणारे मूल क्षणभर गोंधळते. ज्याने म्हैस केवळ चित्रात पाहिली आहे असे मूल पाठांतराच्या जोरावर वर्तुळ भरून मोकळे होते, आणि ज्याने पहाटे उठून म्हशीस वैरण घातली आहे त्याचे दोन गुण जातात. याला बुद्धीची चाचणी म्हणावे काय? फार तर याला कोणाच्या घरी कोणते शब्द बोलले जातात याची पाहणी म्हणता येईल.

ही तक्रार केवळ आमचीच नाही. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९२६ पासून जी ‘सॅट’ नावाची परीक्षा घेतली जाते, तीत अशा जोड्यांचे प्रश्न फार दिवस होते. त्यांतला एक प्रश्न पुढे दोषाचे उदाहरण म्हणून गाजला: धावपटूचे मॅरेथॉनशी जे नाते, ते वल्हे मारणाऱ्याचे कशाशी? अपेक्षित उत्तर ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा मेळा. आता ज्यांच्या घरी होड्यांच्या शर्यतीस जाण्याची ऐपत व चाल आहे त्यांच्या मुलांस हा शब्द दुधाबरोबर मिळतो. गिरणी-कामगाराच्या मुलाची बुद्धी कितीही तल्लख असो, त्यास तो कोठून ठाऊक असणार? अखेर २००५ साली त्या परीक्षेतून समसंबंधाचे प्रश्न वगळण्यात आले. आमच्या मते वगळणे हा खरा उपाय नव्हे. दुखणे प्रश्नात नाही, उत्तराचे कारण न विचारण्यात आहे.

आपल्या भागात अहिराणी बोलणारी घरे पुष्कळ आहेत; सातपुड्याच्या बाजूला पावरी व भिलोरी बोलणारी आहेत. या मुलांस वर्गात उगीच संकोच वाटतो. त्यांच्याकरिता तर हा खेळ एक मोठे साधन आहे. शाळा : शाया :: डोळा : ? अहिराणी मूल तत्काळ ‘डोया’ म्हणेल. केळी : केयी, काळा : काया, असे पाच-सहा शब्द झाले की कोणीही न सांगता मुलांच्या ध्यानी येते की, मराठीतील ‘ळ’च्या जागी अहिराणीत ‘य’ येतो, आणि तेही नियमाने. म्हणजे घरची बोली ही शाळेच्या भाषेची बिघडलेली प्रत नसून तिला स्वतःचा कायदा आहे. हे व्याख्यानाने पटवून देता येत नाही, चौथे पद भरताना ते आपोआप पटते. भाषाशास्त्रज्ञांनी तर एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले आहे की, मूल भाषा शिकते तीच मुळी अशा प्रमाणांनी. दोन-अडीच वर्षांचे बाळ ‘मी करलं’ असे म्हणते, ते त्याने कोणाच्याही तोंडून ऐकलेले नसते. भर : भरलं :: कर : ? अशी रिकामी जागा त्याने आपल्या मनाशी भरलेली असते. घरातली मंडळी हसतात. वास्तविक ते पोर चुकलेले नसून आपली भाषाच तेथे आपला नियम विसरली आहे.

या खेळात एक धोका मात्र आहे, आणि तो पालकांच्या कानी घालणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. रिकामी जागा आपण नेहमी विचारानेच भरतो असे नाही. पुष्कळदा ती सवय भरते. संगणकास शब्दांची नाती शिकविण्याचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. लक्षावधी वाक्ये वाचून यंत्राने प्रत्येक शब्दास आकड्यांची एक माळ दिली, आणि पुरुष : राजा :: स्त्री : ? असे विचारताच ते ‘राणी’ असे उत्तर देऊ लागले. सर्वांस मोठे कौतुक वाटले. पुढे २०१६ साली काही संशोधकांनी दाखवून दिले की, वृत्तपत्रांतील मजकुरावर शिकलेल्या तशाच यंत्राच्या हिशेबात पुरुषाचे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्याशी जे नाते, ते स्त्रीचे गृहिणीशी लागते. यंत्रास दुष्ट कसे म्हणावे? जे जगाने लिहिले, तेच त्याने वाचले. आपल्या घरीही मूल वाचतेच आहे. पुस्तकातून थोडे, आपल्या वागण्यातून फार. बाबा : कचेरी :: आई : ? या जागी मुलाने चटकन ‘स्वयंपाकघर’ भरले, तर त्यास रागावू नये. ज्या आईने दिवसभर शेतात कापूस वेचला, किंवा शाळेत शिकविले, तिचे काम मुलाला का दिसले नाही, हे मात्र आईबापांनी त्या रात्री एकमेकांस विचारावे. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातील चित्रांत घरकाम स्त्रीपुरुष दोघेही करताना दाखविले, त्यावर काही ठिकाणी थट्टा झाली. आम्हांस तो बदल योग्य वाटला. रिकामी जागा भरण्याआधी चित्र बदलावे लागते.

आणि आपण शिक्षक तरी कोणत्या उपमांनी चालतो? कुंभार : मातीचा गोळा :: शिक्षक : विद्यार्थी, हे वाक्य भाषणांतून इतके झिजले आहे की त्यात काय म्हटले आहे इकडे कोणाचे लक्षच जात नाही. मातीस स्वतःची इच्छा नसते. ती कुंभारास प्रश्न विचारीत नाही. फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांचा बगीचा, असे नाव दिले, तेव्हा त्याने हे प्रमाणच बदलले. माळी रोपास पाणी देतो, तण काढतो, कुंपण घालतो; परंतु केळीच्या खुंटास आंबे लागावेत असा हट्ट धरीत नाही. कोणते प्रमाण आपल्या मनात आहे यावर छडी हाती घ्यावी की झारी, हे ठरते. म्हणून आम्ही म्हणतो की, चौथ्या पदाचा प्रश्न क्षुल्लक नाही.

घरी हा खेळ कसा खेळावा, असे काही पालक विचारतील. त्यास पुस्तक नको, पैसा नको, फिरत्या चित्रांचा फोनही नको. रात्री जेवणे झाली की दहा मिनिटे पुरेत. एकाने तीन पदे सांगावी, दुसऱ्याने चौथे भरावे. पण भरताना नाते एका पूर्ण वाक्यात बोलून दाखविलेच पाहिजे, हा एकच नियम कडक ठेवावा. ‘सुतार : रंधा :: शिंपी : कात्री’ असे मूल म्हणाले तर विचारावे, का? ‘सुतार रंध्याने लाकूड तासतो, शिंपी कात्रीने कापड कापतो,’ असे त्याने म्हटले की गुण द्यावा. दुसऱ्याने ‘सुई’ म्हटले व कारण दिले, तर त्यासही गुण द्यावा, आणि कात्री अधिक जवळची की सुई, हे दोघांस भांडून ठरवू द्यावे. आजोबांनी विचारलेली पदे मुलांस अडतील: मोट, नाडा, तिफण, वखर हे शब्द आता घरोघर ऐकू येत नाहीत. मुलांनी विचारलेली आजोबांस अडतील. हे फार चांगले. ज्या घरात आजोबा नातवास ‘याचा अर्थ काय रे?’ असे विचारतात, त्या घरातल्या मुलाला शिकवणीची गरज थोडी कमी लागते, असा निदान आमचा अनुभव आहे. परीक्षेच्या दिवशी मूल वर्तुळ भरील ते भरील. सव्वा मिनिटात नाते ओळखण्याची सवय त्यास या गप्पांतूनच लागलेली असेल.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक सूचना. निबंधात व वक्तृत्वस्पर्धेत तुम्ही उपमांचा सडा घालता. प्रत्येक उपमेपुढे दोन ठिपके व चार ठिपके मनाशी मांडून पाहा. ‘देश हे एक कुटुंब आहे’ असे लिहिलेत, तर मग त्या कुटुंबातील बाप कोण, धाकटे मूल कोण, आणि बापाची आज्ञा मोडणाऱ्यास घराबाहेर काढावयाचे काय, ही पदे भरून पाहा. काही उपमा येथेच कोसळतात. कोसळू द्या, जी उभी राहील तीच वहीत ठेवा.

मुलांसाठी थोडी पदे येथे देऊन लेखणी खाली ठेवतो. कापूस : सरकी :: भुईमूग : ? बैल : पोळा :: पुस्तक : ? धुळे : पांझरा :: नाशिक : ? वांगे : भरीत :: गोष्ट : ? आणि अखेरचे, थोडे अवघड: आड : पोहरा :: वाचनालय : ? यांची उत्तरे या अंकाच्या शेवटच्या पानावर छापलेली नाहीत व पुढील वर्षीच्या अंकातही छापली जाणार नाहीत. ज्यास उत्तर सुचेल त्याने ते कारणासह एका कागदावर लिहून मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत आणून द्यावे. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आणणाऱ्यास आधी आत बोलाविले जाईल.